सर्व्हिस करूनही ऑटोमॅटिक घड्याळ पुन्हा पुन्हा पुढे पळतंय? आधी ते रात्री कुठे ठेवता ते बघा

तक्रार साधारण अशी असते. पन्नास-साठ हजारांचं, कधी त्याहून कितीतरी महागडं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ. वर्षभर नीट चाललेलं. मग एक दिवस लक्षात येतं की ते रोज दोन-तीन मिनिटं पुढे जातंय. दुकानात नेलं, त्यांनी मागचं झाकण उघडून ‘सेटिंग’ करून दिलं, आठवडाभर बरं चाललं आणि परत पळायला लागलं. नाहीतर त्याहून चमत्कारिक: आता ते मागे पडायला लागलं. दुसऱ्या दुकानात तेलपाणी झालं, काही हजार रुपये गेले, महिना उलटायच्या आत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी ‘मशीनच खराब लागलं’ म्हणून घड्याळ कपाटात जातं.

बहुतेक वेळा मशीनला काहीही झालेलं नसतं. घड्याळाला चुंबकत्व लागलेलं असतं, आणि ज्या चुंबकामुळे ते लागलं तो तुमच्या घरात किंवा कामाच्या जागी जिथल्या तिथे असतो. दुरुस्त झालेलं घड्याळ घरी येतं आणि परत त्याच्याच शेजारी जाऊन पडतं. मग तक्रार परत येणारच.

आधी मोजा, मग बोला

‘खूप पुढे जातंय’ हे निदान नाही. मोबाइलची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, सकाळी घड्याळाचा सेकंदकाटा तिच्याशी जुळवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फरक लिहून ठेवा. असं तीन-चार दिवस करा. मधे वेळ सुधारू नका, फक्त लिहा. घड्याळ रोज घालता तसंच घाला.

आकडा हातात आला की अपेक्षा तपासा. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. त्यात १० सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक. सेल नसलेल्या, नुसत्या स्प्रिंगवर चालणाऱ्या यंत्राकडून हे काही वाईट नाही. सेको या जपानी कंपनीच्या एनएच३५ मशीनसाठी (मशीन म्हणजे घड्याळाच्या आतलं यंत्र) कंपनी स्वतःच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद अशी मर्यादा देते. म्हणजे हे मशीन असलेलं वीस हजारांच्या आतलं घड्याळ रोज २५ सेकंद पुढे जात असेल तर तो बिघाड नव्हे. स्विस क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळांची, ‘सीओएससी’ कसोटी दिवसाच्या सरासरीला उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढीच सूट देते. रोलेक्स स्वतःच्या घड्याळांना दोन सेकंद मागे-पुढे यातच बसवतं. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर तर शून्य ते अधिक ५ यात असावी लागतात, म्हणजे मागे पडायला परवानगीच नाही.

माझा ढोबळ हिशेब असा. पूर्वी रोज ८ सेकंद पुढे जाणारं घड्याळ आता १५ सेकंद जातंय, तर थोडं थांबा. ऋतू बदलतो, रात्री ठेवायची बाजू बदलते, एवढा फरक पडतो. पण पूर्वी ८ सेकंद जाणारं घड्याळ एकाएकी दोन मिनिटं जायला लागलं, आणि मधे ते कुठे पडलं-आपटलं नाही, तर चुंबकावर संशय घ्या. जुनं होत चाललेलं तेल असं एका रात्रीत घड्याळ पळवत नाही.

नेमकं काय होतं

मशीनच्या आत बॅलन्स नावाचं एक चाक इकडून तिकडे झोके घेतं, आणि त्याच्या मध्यावर केसाएवढी बारीक, गुंडाळलेली स्प्रिंग असते. हीच हेअरस्प्रिंग. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये तासाला २८,८०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ८. सेकोच्या त्या मशीनमध्ये २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. झोक्याचा वेग मुख्यतः या स्प्रिंगच्या लांबीवर ठरतो. चुंबकत्व लागलं की स्प्रिंगचे वेढे एकमेकांकडे ओढले जातात, मधूनच चिकटतात. कामाला येणारी लांबी घटते, झोका आखूड आणि जलद होतो, घड्याळ पुढे पळतं. फारच जोरात लागलं तर उलट अडखळतं किंवा बंदही पडतं, पण नेहमीची तक्रार पळण्याचीच.

आता यात तक्रार परत का येते ते बघा, कारण खरी गंमत इथे आहे. हेअरस्प्रिंगजवळ एक छोटा दांडा असतो, रेग्युलेटर. तो अधिककडे किंवा उणेकडे सरकवला की वेग कमी-जास्त करता येतो. चुंबकत्व लागलेलं घड्याळ दुकानात आलं आणि कारागिराने डीमॅग्नेट न करता, म्हणजे चुंबकत्व न काढता, नुसता हा दांडा उणेकडे सरकवला, तर काउंटरवर वेळ बरोबर दिसते. गिऱ्हाईक खूश. पण आतलं चुंबकत्व तसंच आहे, आणि ते स्थिर नसतं. घरी पुन्हा चुंबकाजवळ ठेवलं की वाढतं, आणि घड्याळ पुन्हा पळतं. नाहीतर पुढच्या दुकानात कुणीतरी ते डीमॅग्नेट करतो, चिकटलेले वेढे सुटतात, आणि आधीच उणेकडे ढकललेल्या दांड्यामुळे घड्याळ रोज मिनिटभर मागे पडायला लागतं. मालक म्हणतो, ‘आधी पुढे जात होतं, आता मागे, यांना काही कळत नाही.’ तसं पाहिलं तर दोघांनीही थोडंफार बरोबरच केलेलं असतं, फक्त क्रम चुकलेला असतो. आधी डीमॅग्नेट, मग मोजमाप, आणि गरज असेल तरच रेग्युलेटरला हात.

चुंबक शोधा

घड्याळ रोज ज्या ज्या जागी सहा-सात तास पडून असतं त्या जागांपासून सुरुवात करा. मनगटावर असताना ते हलतं, जवळ येतं, लांब जातं. खरा दगा रात्रीच्या जागेचा.

पलंगाशेजारचं टेबल बघा. मोबाइलचं पाकिटासारखं उघडणारं कव्हर, ज्याची झडप ‘टप’ करून बंद होते, तिच्यात चुंबक असतो. २०२० च्या आयफोन १२ पासून अनेक आयफोनच्या पाठीतच चुंबकांचं कडं आहे, आणि पाठीला चिकटणाऱ्या चार्जरमध्येही. कानात घालायच्या बिनवायरच्या इअरफोनची डबी, टॅबलेटचं कव्हर, ब्लूटूथ स्पीकर, लॅपटॉपच्या झाकणाची कड, सगळीकडे चुंबक. या वस्तूंचा ढीग आणि त्यावर घड्याळ, हे चित्र घराघरांत दिसतं.

त्यानंतर कपाट. सुताराने दाराला जे मॅग्नेट कॅचर लावलेलं असतं, ते अगदी त्या कप्प्याच्या कडेला असतं जिथे आपण घड्याळ, चष्मा, किल्ल्या टाकतो. हे ठिकाण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. स्वस्तातले घड्याळ फिरवायचे डबे, वाइंडर, यांच्यातली मोटर नीट झाकलेली नसेल तर तीही रात्रभर आपलं काम करत राहते.

आता मनगट. रक्तदाबासाठी म्हणून विकलं जाणारं मॅग्नेटिक ब्रेसलेट बरेच जण घड्याळाच्याच हातात घालतात. रक्तदाबाचं काय होतं ते डॉक्टरांना विचारा. घड्याळाचं काय होतं ते मी सांगतो. जाळीदार स्टीलच्या पट्ट्यांना चुंबकाचं बक्कल असतं, तो प्रकार मेकॅनिकल घड्याळाला चुकूनही लावू नका.

नाशिकसारख्या कारखान्यांच्या गावात आणखी एक कारण सापडतं. इथल्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत काम करणारी मंडळी. सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक (घासायचा तुकडा, म्हणजे जॉब, चुंबकाने धरून ठेवणारा भाग), डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड, स्क्रू ठेवायची चुंबकाची ताटली, हे सगळं टूलरूममध्ये हाताशीच असतं. सुपरवायझर राउंड मारताना जॉबवर हात ठेवतो, चक चालू असतो, घड्याळ मनगटावर. एवढं पुरे होतं. तसंही चालत्या मशीनजवळ घड्याळ-अंगठी घालू नये हा सुरक्षेचा साधा नियम आहे. घड्याळ लॉकरमध्ये ठेवा. फक्त लॉकरच्या दाराला आतून चुंबक लावून वेळापत्रक चिकटवलेलं नाही ना, ते बघा.

किती अंतर पुरेसं? चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. वीतभर लांब ठेवलं तर घरातल्या बहुतेक वस्तूंची काळजी नको. डायलवर ‘अँटिमॅग्नेटिक’ लिहिलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका. नेहमीच्या मानकात ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढं सहन करणं अपेक्षित आहे, म्हणजे सुमारे ६० गॉस (गॉस हे चुंबकाचा जोर मोजायचं एकक). निओडिमियमचा नखाएवढा चुंबक अगदी चिकटून ठेवला तर त्याच्या पृष्ठभागावर हजारांत गॉस असतात. टेकवलं तर हरलात, वीतभर दूर ठेवलं तर वाचलात.

विमानतळावरची एक्स-रे मशीन, मोबाइलचा टॉवर, घरातलं वायफाय यांच्यावर मात्र उगाच आळ घेऊ नका.

कोणत्या घड्याळावर संशय घ्यायचा, कोणत्यावर नाही

ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची चाचणी १५,००० गॉसमध्ये होते. त्यांची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची असते, तिला चुंबक ओळखतच नाही. असं घड्याळ मिनिटभर पळत असेल तर चुंबकामागे लागू नका, थेट सर्व्हिस सेंटर. ट्यूडरच्या स्वतःच्या मशीनमध्ये आणि लाँजिनच्या बऱ्याच नव्या मॉडेलमध्येही सिलिकॉनच आहे. रोलेक्स २००० सालापासून पॅराक्रोम नावाची नायोबियम-झिर्कोनियम मिश्रधातूची हेअरस्प्रिंग वापरत आलंय, तिच्यावरही परिणाम नगण्य. त्याआधीचा उपाय वेगळा होता: मशीनभोवती मऊ लोखंडाचं आवरण. १९५५ चं आयडब्ल्यूसी इंजेनिअर आणि १९५६ चं रोलेक्स मिलगॉस ही त्या पद्धतीची घड्याळं, डॉक्टर-इंजिनिअर-संशोधकांसाठी केलेली.

सहज बळी पडतात ती नेहमीच्या धातूच्या हेअरस्प्रिंगची: ईटीए २८२४ आणि सेलिटाची मशीनं (दोन्ही स्विस कंपन्यांची, अनेक ब्रँडच्या घड्याळांत बसवली जाणारी), सेकोची बरीचशी ऑटोमॅटिक्स, आणि अर्थात आजोबांचं एचएमटी जनता. नाशिकमध्ये मी ज्यांच्या तक्रारी ऐकतो त्यांची बहुतेक घड्याळं याच गटातली.

डीमॅग्नेट कसं करायचं

मोबाइलमधलं होकायंत्र घड्याळाजवळ नेऊन काटा हलतो का बघा, असा सल्ला मिळतो. मला तो फारसा पटत नाही. मशीनमध्ये पोलाद असतंच, त्यामुळे काटा थोडा हलला तरी खात्रीने काही सांगता येत नाही. डीमॅग्नेट करण्याने निरोगी घड्याळाचं काही बिघडत नाही. मग तपासत बसण्यापेक्षा करूनच टाका आणि पुन्हा मोजा.

ऑनलाइन मिळणारा डीमॅग्नेटायझरचा छोटा निळा डबा हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीत येतो. तत्त्व सोपं आहे. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, म्हणजे कॉइलमधल्या चुंबकक्षेत्राची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. घड्याळ त्यात धरून हळूहळू लांब नेलं की प्रत्येक उलटापालटीला जोर थोडा कमी होत जातो आणि शेवटी धातूत काही शिल्लक राहत नाही. म्हणून कृती अशी: घड्याळ डब्यावर ठेवा, बटण दाबा, दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर, सावकाश, हातभर अंतरापर्यंत न्या, आणि मग बटण सोडा. घड्याळ डब्यावर असतानाच बटण सोडलं तर तो क्षण ज्या दिशेचा असेल ते चुंबकत्व आतच राहतं, कदाचित आधीपेक्षा जास्त. पावसाळ्यात मधेच लाइट गेली तरी तेच. घाबरू नका, लाइट आल्यावर पूर्ण कृती पुन्हा करा. बटण फार वेळ दाबून ठेवू नका, कॉइल तापते.

पहिल्यांदा हात बसवायला शिवणाची सुई वापरा. तिला फ्रिजवरच्या चुंबकावर घासा, टाचणी उचलते का बघा, मग डब्यावरून काढा. आता टाचणी उचलली नाही म्हणजे तुमची पद्धत बरोबर.

कारखान्यातल्या टूलरूममध्ये मोठा डीमॅग्नेटायझर असतो आणि ‘त्याच्यावरच फिरवून आणतो’ असं कुणीतरी म्हणतंच. तो दहा किलोच्या डायसाठी बनवलेला आहे. घड्याळासाठी नको.

डबा विकत घ्यायचा नसेल तर मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या जुन्या कारागिरांपैकी कुणाकडेही जा. फक्त बोलताना ‘सेटिंग करून द्या’ म्हणू नका. म्हणा, ‘काका, आधी डीमॅग्नेट करा, मग टाइमग्राफरवर लावून दाखवा, आणि तोपर्यंत रेग्युलेटर हलवू नका.’ टाइमग्राफर म्हणजे घड्याळाचे ठोके ऐकून वेग दाखवणारं यंत्र. आकडा डायल वर असताना एकदा आणि चावीचं बटण खाली असताना एकदा बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तक्रार आली तर हाच फोटो उपयोगी पडतो. कामाचा माणूस या बोलण्याने चिडत नाही, उलट खुर्ची पुढे सरकवतो. ‘असलं काही नसतं’ म्हणणारा भेटला तर घड्याळ उचला आणि चहा पिऊन पुढच्या दुकानात जा.

डीमॅग्नेट केल्यावर पुन्हा तीन-चार दिवस मोजा. वेग पूर्ववत आला तर प्रश्न मिटला. आता मागे पडत असेल तर समजा की आधी कुणीतरी दांडा सरकवलेला आहे. तो जागेवर आणून घ्या. पूर्ववत येऊन पंधरवड्याने परत पळालं, तर चुंबक अजून सापडलेला नाही. रात्रीची जागा पूर्ण बदलून बघा: एका आठवड्यासाठी घड्याळ देवघराच्या कोनाड्यात ठेवा, जिथे समई आणि उदबत्तीशिवाय काही नाही. देवघरात बरं राहिलं तर दोषी जुन्या टेबलावरच आहे.

डीमॅग्नेट करूनही पळतंच असेल तर

तीन शक्यता. घड्याळ बाथरूमच्या फरशीवर पडलं असेल तर हेअरस्प्रिंगचा एखादा वेढा उडून रेग्युलेटरच्या पिनांत अडकला असेल. तेव्हा घड्याळ मिनिटांनी नव्हे, कधी तासांनी पळतं. दुसरी, तेलपाणी करताना तेल जास्त पडून स्प्रिंगवर गेलं असेल. वेढे तेलाने चिकटतात आणि लक्षण हुबेहूब चुंबकासारखं दिसतं. दोन्हींना मशीन उघडण्याशिवाय इलाज नाही.

तिसरी शक्यता सर्व्हिसनंतरच दिसते आणि ती ओळखायला थोडं लक्ष लागतं. मुख्य स्प्रिंग बदलताना गरजेपेक्षा ताकदवान घातली तर बॅलन्स फारच मोठे झोके घेतो, ३३० अंशांच्या पुढे जाऊ लागतो, आणि दुसऱ्या बाजूने ठोकर खातो. असं घड्याळ पूर्ण चावी दिल्यावर किंवा दिवसभराच्या धावपळीनंतर सुसाट पळतं आणि रात्रभर पडून राहिल्यावर सकाळी शहाण्यासारखं चालतं. चुंबकत्व असं वेळ बघून वागत नाही. तुमच्या नोंदीत सकाळ-संध्याकाळचा फरक असा दिसला तर त्याच कारागिराला नोंद दाखवा.

टाइमग्राफरवर झोक्याचे अंश दिसतातच. पूर्ण चावी असताना, डायल वर ठेवून २७० ते ३०० च्या आसपास असेल तर प्रकृती उत्तम. २२० च्या खाली असेल तर तेलपाण्याची वेळ झाली, मग वेग कितीही बरोबर दिसो.

पळण्याशिवायच्या तक्रारी, थोडक्यात

रात्री बंद पडतं: ईटीए २८२४-२ पूर्ण चावीवर सुमारे ३८ तास चालतं, सेकोचं एनएच३५ सुमारे ४१. दिवसभर टेबलावर बसून काम असेल तर हात एवढा हलतच नाही की ते पूर्ण भरेल. सकाळी हाताने वीस-तीस फेरे चावी द्या. ऑटोमॅटिकला जास्त चावी बसून स्प्रिंग तुटत नाही, ती आतून सरकते. हाताच्या चावीचं जुनं एचएमटी मात्र अडलं की थांबा.

तारीख दुपारी बदलते: बारा तासांनी काटे पुढे न्या, बास. आणि रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारखेचं झटपट सेटिंग वापरू नका, दाते तुटतात.

काचेच्या आत धुकं: पावसाळ्यातली तक्रार. ‘३ बार’ लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतंच. रामकुंडात बुडी मारायची असेल, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थात अनेक जण मारणार आहेत, तर घड्याळ काठावर घरच्यांकडे द्या. धुकं दिसलंच तर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका, त्याच दिवशी उघडून सुकवून घ्या. गंज आठवड्याची वाट बघत नाही.

महागडं घड्याळ सर्व्हिस सेंटरला मुंबईला पाठवायचं ठरलं तर कुरियरआधी तीन-चार दिवसांची नोंद कागदावर लिहून सोबत द्या, पोचपावतीवर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि पॅक करताना मूळ भारी खोकं वापरायचा मोह आवरा. त्यातल्या पुष्कळ खोक्यांचं झाकण चुंबकानेच बंद होतं.